नवोदयची निवड कशी होते?

जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ साली दोन शाळांनी झाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीत. खेड्यातल्या हुशार मुलांना चांगली निवासी शाळा मिळावी, हा हेतू.

सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुलं परीक्षेला बसतात. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला. तिथे वाचायला जवळपास काही नसतंच. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, आरशात ही कशी दिसेल, अर्धवट नक्षीत कोणता तुकडा बसेल, असे प्रश्न. घरात पुस्तकं नसलेलं मूलही यात मागे पडू नये, अशी त्यामागची कल्पना. उरलेले गुण अंकगणित आणि भाषेचे, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.

आता जागा. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाच्या, एक तृतीयांश मुलींच्या. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावातल्याच शाळेत काढलेली हवीत. मध्ये शहरातल्या शाळेत नाव घातलं, की ती जागा हुकली. पालकांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

एक नियम मला जरा कठोर वाटतो. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी पोराला ताप भरला, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही.