निजामुद्दीनची बाग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



निजामुद्दीन हा शब्द कानी पडला की आपणां दिल्लीकर मराठी मंडळींना प्रथम आठवते ते रेल्वे स्टेशन. पुण्यामिरजेकडून येणारी गोवा एक्सप्रेस तेथेच येऊन थांबते. तेथेच आपण म्हाताऱ्या आईवडिलांना उतरवून घेतले, तेथेच मेतकुटाच्या आणि गोडा मसाल्याच्या पिशव्या रिक्षात चढवल्या, आणि सुट्टी संपल्यावर त्याच फलाटावर रडणाऱ्या मुलांची समजूत घातली. स्टेशनातून बाहेर पडल्यावर आपली रिक्षा सरळ घराकडे वळली. त्या परिसरात आणखी काही पाहण्यासारखे असेल, ही शंकाही आपणांस बरीच वर्षे आली नाही. मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवावयास मथुरा रस्त्याने नेताना उजव्या हाताला एक जुनी भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी झाडे दिसत. ती सरकारी रोपवाटिका आहे एवढे कोणीतरी सांगे, आणि विषय तेथेच संपे.

त्याच रोपवाटिकेविषयी, म्हणजे आजच्या सुंदर नर्सरीविषयी, आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. गेली काही वर्षे आपले वनभोजन तेथे होते, म्हणून हा विषय मंडळाच्याही इतिहासाचा भाग झाला आहे असे आम्हांस वाटते.

१९११ साली दिल्लीस राजधानी आणण्याचे जाहीर झाले आणि नव्या शहराच्या आखणीस आरंभ झाला. रस्ते आखले, इमारतींचे नकाशे झाले. पण उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि पौष-माघात गारठणाऱ्या या भूमीत रस्त्याकडेला कोणती झाडे तग धरतील, हे कागदावर ठरणारे नव्हते. त्यासाठी हुमायूनच्या मकबऱ्याशेजारी, पूर्वी अझीम बाग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत ही रोपवाटिका उभी राहिली. ठिकठिकाणची रोपे येथे आणून लावावयाची, ती जगतात की नाही हे पाहावयाचे, आणि जगली तर शहरात न्यावयाची. पूर्वीच्या राजपथावर, ज्याला २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात, पावसाळ्याच्या तोंडाशी जांभळांचा सडा पडतो, तो त्याच काळातील योजनेचा प्रसाद. (परमुलखातून आणलेल्या रोपाचा हा दृष्टान्त कोणास आपल्याविषयी लावावासा वाटत असेल, तर त्यांनी तो मनातच ठेवावा. मंडळाच्या प्रत्येक संमेलनात तो एकदा तरी येतोच.)

पुढे या जागेची उपेक्षा झाली. झाडे वाढली, पण त्यांच्यामध्ये राडारोडाही साचला. आत सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या अनेक मुघलकालीन वास्तू होत्या. त्यांपैकी कोणाचे घुमट तडकले, कोणाच्या भिंती कोसळल्या. २००७ साली पुरातत्त्व खाते, केंद्रीय बांधकाम खाते, दिल्ली महानगरपालिका आणि आगाखान न्यास यांच्यात करार झाला, आणि मकबरा, रोपवाटिका व रस्त्यापलीकडील निजामुद्दीन बस्ती या तिन्हींचा एकत्र विचार सुरू झाला. काम दहा वर्षांहून अधिक चालले. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते नव्वद एकरांची ही बाग लोकांसाठी खुली झाली. बागेची आखणी करणारे स्थपती मोहंमद शाहीर २०१५ सालीच निवर्तले होते. त्यांनी लावलेला पाण्याचा पाट पूर्ण भरून वाहताना त्यांना पाहता आला नाही.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द देवळांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्या शब्दाची आम्हांस अलीकडे धास्ती वाटते. गावाकडचे पत्र येते, ‘देवळाचा जीर्णोद्धार झाला’, आणि आपण उत्साहाने जाऊन पाहावे तो काळ्या दगडावर तैलरंग, सभामंडपाला गुळगुळीत फरशी, आणि ज्या ओवरीत आजोबा बसत ती जागेवर नाही. निजामुद्दीनला याच्या उलट घडले. पडक्या वास्तू चुन्याने आणि कारागिरांच्या हातांनी सावरल्या. सुंदर बुरुजाच्या आत उभे राहून मान वर करून पाहावे. गिलाव्यात कोरलेल्या तारकांचे छत मानेला कळ लागेपर्यंत पाहतच राहावेसे वाटते. सुंदर बुरुज, सुंदरवाला महाल आणि लक्कडवाला बुरुज यांचा २०१६ साली जागतिक वारशात समावेश झाला. नवी बाग करताना जुन्या झाडांना हात लावला नाही. उलट दिल्लीच्या भूमीचे जे चार जुने प्रकार, म्हणजे टेकडीची कोही, नदीकाठचा खादर, मैदानी बांगर आणि पाणथळ डाबर, ते प्रत्येकी थोडे थोडे येथे पुन्हा घडवले. तीनशेहून अधिक जातींची झाडे या एका कुंपणात आहेत. ज्या मुलांनी गाव पाहिलेच नाही, त्यांना हे डाबर, हा खादर म्हणून बोटाने दाखवता येते, ही गोष्ट आम्हांस पाण्याच्या कारंज्यांहून मोठी वाटते.

आता वनभोजनाविषयी. मूळ कल्पना आवळीभोजनाची होती. महिला शाखेचा आग्रह होता की कार्तिकात आवळीखालीच जेवावयाचे. पण कार्तिकातील दिल्लीची हवा आपण जाणता. त्या दिवसांत वृद्धांना आणि लहान मुलांना घराबाहेर काढणे हे पुण्यकर्म नव्हे. तेव्हा शास्त्राने हवेपुढे माघार घेतली आणि भोजन फेब्रुवारीत गेले. आवळीचे झाड तरी शोधावे म्हणून आम्ही एका माळ्यास विचारले. तो हसून म्हणाला, एवढ्या झाडांत असेलच कोठेतरी, शोधा. अर्धा तास शोधून शेवटी सतरंज्या कडुनिंबाखाली पसरल्या. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. कोणी तक्रार केली नाही.

पहिल्या वर्षी मात्र आमचे एक ज्येष्ठ सभासद आले नाहीत. नाव घेण्याची आवश्यकता नाही, सगळे त्यांना काका म्हणतात. कार्यकारिणीच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, “बाग म्हणजे तिकीट काढून जायची जागा नव्हे. आमच्या गावात नदीकाठची बाग होती, तिला फाटकसुद्धा नव्हते.” कोणीतरी म्हणाले, काका, म्हणूनच त्या बागेत आता म्हशी बसतात. सभेत हशा झाला, काका बसले, आणि मंडळाने चाळीस तिकिटांचा खर्च मंजूर केला.

तो हशा आम्हांस आजही बोचतो; त्यात आम्हीही होतो. काकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. दिल्लीत बागांचा इतिहास सरळ नाही. ज्या लोधी उद्यानात आपण प्रभातफेरीला जातो ते १९३६ साली झाले, तेव्हा तेथे असलेले खैरपूर गाव उठवावे लागले होते. बाग झाली, माणसे गेली. निजामुद्दीनच्या कामात असे घडू दिले नाही, हे त्याचे खरे मोठेपण. बस्तीतील शाळा आणि दवाखाना सुधारला. चौदाव्या शतकातील बावडीची भिंत २००८ साली ढासळली होती, ती पुन्हा उभारली. बस्तीतील स्त्रियांच्या हातची कलाकुसर विक्रीस येऊ लागली. एवढे असूनही काकांचा प्रश्न शिल्लक राहतोच. देखभालीसाठी पैसा लागतो, तिकिटाविना ही बाग पुन्हा राडारोड्याखाली जाईल, हे आम्ही मान्य करतो. तथापि रस्त्यापलीकडचे कुटुंब दर रविवारी घरटी पाच-सहा तिकिटे काढून येथे येणार नाही, हेही तितकेच खरे. शेजाऱ्याला परवडत नाही ती शेजारची बाग कशी म्हणावी? आमच्यापाशी उत्तर नाही. ते काकांपाशीही नव्हते. पण प्रश्न त्यांनी विचारला, आणि आम्ही हसलो.

दोन वर्षांपूर्वी काका आले. कारण साधे होते. काकूंचे गुडघे गेले आहेत. त्यांना चाकांच्या खुर्चीवरून न्यावे लागते. दिल्लीच्या पदपथांवर ती खुर्ची दहा पावले चालत नाही. येथील सपाट वाटेवरून काका ती स्वतः ढकलत गेले, पाण्याच्या पाटाच्या कडेने शेवटपर्यंत, आणि परत आले. काकू गुलाबांपाशी थांबल्या. घराबाहेर पडून किती दिवस झाले होते हे त्यांनी सांगितले, तो आकडा आम्ही येथे सांगत नाही. परत येताना काका तिकीटघरापाशी थांबून म्हणाले, “माझं मत बदललेलं नाही हो.” आम्ही म्हणालो, “बदलू नका, काका.” काकूंनी मात्र पुढच्या खेपेस येताना शाल आणावी लागेल, सावलीत गारवा आहे, एवढेच सांगितले.

त्यानंतर काका दर वर्षी येतात, तिकिटाच्या रांगेत सर्वांत पुढे उभे राहतात आणि रांग सरकेपर्यंत कुरकुरतात. बस्तीतल्या शाळेच्या एका वर्गाला आपल्यासोबत वनभोजनास बोलवावे आणि त्यांची तिकिटे मंडळाने काढावीत, अशी सूचना यंदा त्यांनी लेखी दिली आहे. कार्यकारिणीने ती स्वीकारली. हा खर्च कोणत्या सदराखाली दाखवावा यावर चिटणीस आणि खजिनदार यांचे एकमत व्हावयाचे आहे.

यंदाचे वनभोजन फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता. सतरंज्या आणाव्यात, गेल्या वर्षी कमी पडल्या होत्या. आवळीचे झाड कोणास सापडल्यास आधी महिला शाखेस कळवावे.