डबे कुणाचे, किल्ली कुणाची?

(वस्तीतील बचत गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दसरा-दिवाळी आली की आपण घर काढतो. त्यातलं सगळ्यात किचकट काम फडताळाचं, डब्यांचं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना कुटुंबाची मिळकत, खर्च, कर्ज यांचे तक्ते आम्ही पुष्कळ भरले. पण घरातल्या डाळ-तांदळावर हुकमत कुणाची, हा रकाना त्यात नव्हता. तो प्रश्न मला वस्तीत काम करताना समजला.

आधी कामाबद्दल. सगळे डबे खाली काढायचे, घासायचे, कडक उन्हात वाळवायचे. डबा जरा ओलसर राहिला तर पिठाला बुरशी. गव्हाला ऊन दाखवायचं, निवडायचा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा. रवा भाजून ठेवायचा. जुनं पुढे, नवं मागे. नाहीतर तळाशी राहिलेल्याला जाळी धरते. शिवाय पगार कधी, रेशन कधी, पाहुणे किती, हा हिशेब डोक्यात चालूच. कारखान्यात हेच काम करणाऱ्याला स्टोअरकीपर म्हणतात आणि पगार देतात. आपल्याला कुणी विचारलं तर आपण सांगतो, "मी काही करत नाही, घरीच असते."

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. म्हणजे इकडे पावणेपाच तासांच्या वर आणि तिकडे दीड ताससुद्धा नाही.

आता किल्लीबद्दल. काम बाईचं, पण धान्याच्या कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली दुसऱ्याकडे. कुठे नवरा कामावर जाताना कुलूप लावून जातो. कुठे सासू तांदूळ मोजून काढून देते. गरोदर सुनेला गुळाचा खडासुद्धा मागून घ्यावा लागतो. इथे सासूला नावं ठेवून थांबू नका. जिला जमिनीत, घरात, पैशात कधीच वाटा मिळाला नाही, तिच्या हाती उतारवयात ही एकच सत्ता आली. ती तिला सहजी सोडवत नाही. बाईला बाईवर पहारेकरी नेमणारी ही व्यवस्था आहे, ती ओळखा.

आणि हे निव्वळ "घरातलं भांडण" नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं घरातल्या गरजेच्या वस्तूंपासून बाईला आणि तिच्या मुलांना वंचित ठेवणं हा आर्थिक छळ मानला आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, १८ वर्षांवरील बाईचं नाव हवं. घरी गेल्यावर कार्ड काढून बघा. मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रिकामा डबा हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग यंदा काय करायचं? पहिलं, डबे काढायला सगळं घर बसू दे, मुलगेसुद्धा. दुसरं, प्रत्येक डब्यावर नाव चिकटवा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. म्हणजे "मीठ कुठंय?" म्हणून कुणी तुम्हाला आजारपणात अंथरुणावरून उठवणार नाही. तिसरं, एक वही ठेवा: काय आणलं, किती, कितीला. महिन्याच्या शेवटी ती सगळ्यांसमोर वाचा. उद्या कुणावर पोटगी मागायची वेळ आलीच, तर घरखर्चाचा तोंडी अंदाज सांगण्यापेक्षा वहीतला आकडा जास्त कामाला येतो. चौथं, कुलूप. जिच्या घरी ते आहे, तिनं एकटीनं भांडायला जाऊ नये. गटाला सांगावं. आपण चौघी-पाचजणी जाऊ, सासूबाईंशीही बोलू, आणि बोलून भागलं नाही तर संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करू.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं वही घेऊन यायचं आहे.