रिकामी टाकी आणि वेल्डिंगची ठिणगी
(संस्थेच्या विद्यार्थी-कामगार मेळाव्यात खराडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. आम्ही हातात वेल्डिंगचा होल्डर धरणारी माणसे, माइक धरण्याची सवय नाही. परंतु चिटणीसांनी विषय सांगितला आणि नाही म्हणता येईना. गाडीच्या इंधनाच्या टाकीजवळ वेल्डिंग करताना काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांनीच सांगावे, असे त्यांचे म्हणणे पडले. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी मुले औंधच्या आयटीआयला जाणारी आहेत, काही सुट्टीत गॅरेजवर जातात. म्हणून आलो.

एका मुलापासून सुरुवात करतो. त्याचे नाव सांगत नाही, गॅरेजचेही नाही. नगर रोडच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काहीजण काम करत होतो, तेव्हा तो आमच्यात हेल्पर होता. एका मोटारसायकलची टाकी खालच्या शिवणीतून पाझरत होती. आधी साबण घासून झाला, मग एम-सील लावून झाले. गिऱ्हाईक म्हणाले, पक्के काम करून द्या. टाकीतले पेट्रोल काढले, झाकण उघडे ठेवले आणि टाकी शेडच्या पत्र्यावर मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस टाकून दिली. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी आत फडके घालून पाहिले. फडके कोरडे निघाले. वासही जवळजवळ नव्हता. पोराने टाकी धरली, मिस्त्रींनी गॅसची ज्योत लावली, आणि बार उडावा तसा आवाज झाला. टाकी फुगून गोल झाली, खालची शिवण फाटली. पोराचा उजवा हात आणि मानेची एक बाजू भाजली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या आईने आम्हाला विचारले, "दादा, टाकीत काही नव्हतं म्हणता, मग पेटलं काय?"

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. वीस-वीस वर्षे या धंद्यात घालवलेली माणसे खाली मान घालून उभी होती. आज येथे जे सांगणार आहोत ते त्या माउलीच्या प्रश्नाचे उशिरा मिळालेले उत्तर आहे.

पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ. ती वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच पेटते. हे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असते. त्याहून कमी असेल तर वाफ फार विरळ, जास्त असेल तर हवा अपुरी. आता पेट्रोल असलेल्या टाकीचा विचार करा. आत वाफ इतकी दाट असते की टाकीच्या पोकळीत पेटायला पुरेशी हवाच नसते. याचा अर्थ भरल्या टाकीला वेल्डिंग करावे असा मुळीच नाही. तोंडाशी आणि गळतीपाशी वाफ बाहेरच्या हवेत मिसळत असते, तेथे ती भडकते. परंतु टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवले की आतली वाफ हळूहळू बाहेर जाते, हवा आत येते, आणि दाट मिश्रण विरळ होत होत नेमके पेटण्याजोग्या टप्प्यात येते. आम्ही टाकी वाळवत होतो तेव्हा आपण धोका कमी करतो आहोत असे समजत होतो.

मग तीन दिवसांनंतर आत राहिले काय? शिवणीच्या दुमडीत, गंजाच्या खपल्यांखाली अडकलेले थोडे पेट्रोल. फडके तेथे पोहोचत नाही. थंड असताना ते फारसा वासही देत नाही, आणि दिवसभर पेट्रोलात हात घालणाऱ्याच्या नाकाला तो वास कळेनासा होतो. ज्योत लागली की शिवण तापते आणि लपलेल्या पेट्रोलाची वाफ होते. किती पेट्रोल लागते? आम्ही हिशेब करून पाहिला. दहा लिटरच्या टाकीत स्फोटक मिश्रण व्हायला अंदाजे एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब पुरतात. दोनशे लिटरच्या बॅरलला चहाचे चार चमचे. बॅरल कापून पिंप किंवा चूल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही चूक केवळ आमच्यासारख्या कमी शिकलेल्यांची, असेही समजू नका. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ विमान समुद्रावर फुटले आणि २३० माणसे गेली. चार वर्षे चौकशी चालली. निष्कर्ष असा निघाला की मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतील वाफ आणि हवेचे मिश्रण पेटले. ठिणगी बहुधा विजेच्या तारांतील बिघाडाने आत पोहोचली असावी. त्यानंतर अशा टाक्यांत नायट्रोजन सोडून प्राणवायू कमी करण्याचा नियम अमेरिकेने २००८ साली केला. मोठमोठ्या अभियंत्यांनाही रिकाम्या जागेचे भय उशिरा कळले.

आता डिझेल. "डिझेलवर काडी टाकली तरी विझते" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते, आणि थंड डिझेलपुरते ते खरेही आहे. पण आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असे प्रमाण आहे. पुण्याचा मे महिना त्याच्या पुढे जातो. शिवाय इंजिनाकडून रिटर्न पाइपने परत येणारे डिझेल गरम असते. आणि वेल्डिंगच्या कमानीपुढे या अंशांची काय कथा! तेथे हजारो अंशांची उष्णता असते. टाकीच्या पत्र्याला बाहेरून वेल्डिंग लागले की आतल्या बाजूला चिकटलेला डिझेलचा थर वाफ धरतो. आणखी एक गोष्ट आम्हाला कळली तेव्हा आश्चर्य वाटले. ठिणगीशिवाय, नुसत्या तापलेल्या लोखंडाने पेटण्याच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा कमी तापमानाला पेटते.

खराडीकरांना टाकी म्हटली की पाण्याचा टँकर आठवतो. येथून वाघोलीपर्यंतच्या सोसायट्यांना पाणी पुरवणारे टँकर खड्ड्यांतून धावतात, त्यांचे ब्रॅकेट तुटतात, पाण्याच्या टाकीला चिरा जातात. वाघोलीच्या खाणींकडचे टिपरही तसेच. टँकर आणला की चालक म्हणतो, पाण्याचीच टाकी आहे, उभ्या उभ्या मारून द्या. पाण्याची टाकी खरी, पण तिच्याच खाली चॅसीला गाडीची डिझेलची टाकी लटकलेली असते. वरून पडणारी लाल ठिणगी तिच्या झाकणावर, पाइपवर, तेलकट मातीवर पडते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत वेल्डिंगपासून ३५ फुटांच्या आत पेटणारी वस्तू नसावी असे सांगितले आहे. आमच्या शेडची रुंदीच पंधरा फूट होती.

अर्थिंगच्या क्लॅम्पकडे तर कोणी पाहतच नाही. तो सोयीसाठी गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावला की वीज मधल्या सगळ्या लोखंडातून वाट शोधते. जेथे सांधा सैल तेथे ठिणगी उडते, आणि तो सांधा इंधनाच्या पाइपचाही असू शकतो. क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावावा, आणि त्याआधी बॅटरीचे कनेक्शन सोडावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीवरून सरपटते आणि गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात साचते. खड्ड्यात उभे राहून टाकीजवळ वेल्डिंग करणे हे आम्ही पाहिलेले सर्वांत वेडे धाडस आहे. सीएनजीचा वायू उलट हलका असतो, तो छताशी जमतो. रिक्षाच्या सिलिंडरमध्ये वायू हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेला असतो, आणि आच लागली की त्या पोलादाची ताकद कमी होते. त्या सिलिंडरला वेल्डिंगचा स्पर्शही होऊ देऊ नये.

मग करावे काय? पेट्रोलच्या टाकीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. साध्या गॅरेजने ती जोडूच नये, बदलावी. डिझेलच्या टाकीशेजारचे काम असेल तर टाकी गाडीवरून उतरवून लांब न्यावी. टाकीचेच काम असेल तर ते वायू मोजण्याचे यंत्र असलेल्या जाणत्या माणसाकडे द्यावे. तो काय करतो तेही समजून घ्या. टाकी पूर्ण निथळतो, सर्व तोंडे उघडतो, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने पुन्हा पुन्हा धुतो, आत वाफ सोडतो, आणि शेवटी जोडायच्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरतो. वरची वाट उघडी ठेवतो, नाहीतर तापलेली हवाच टाकी फोडील. पाणी भरल्याने रिकामी जागा उरत नाही. विमानात नायट्रोजन जे करतो त्याच्या जवळचे काम येथे साधे पाणी करते. नुसते एकदा खळबळून ओतणे म्हणजे धुणे नव्हे. काही जण दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडतात, त्यावर आमचा विश्वास नाही.

हे ज्ञान नवे आहे का? मुळीच नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३७ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते की ज्या टाकीत किंवा भांड्यात ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय वा निर्धोक केल्याशिवाय तिला वेल्डिंग वा कटिंग करू नये. 'पूर्वी होता' हे शब्द पाहा. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. पुढे कायदे बदलले. तीन माणसांचे गॅरेज तेव्हाही बाहेर होते, आजही बाहेरच आहे. आपली मुले कामाला लागतात ती बहुतेक अशाच ठिकाणी. आणि मोठ्या आवारात तरी सगळे ठीक असते असे कोठे आहे? नदीपलीकडे मांजरीत २१ जानेवारी २०२१ रोजी लस कारखान्याच्या आवारातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली, पाच कामगार गेले. प्राथमिक माहितीत वेल्डिंगच्या कामाचाच उल्लेख झाला होता.

खरी अडचण ज्ञानाची नाही, नाही म्हणण्याची आहे. टाकी उतरवायला दोन तास जातात, गिऱ्हाईक घाईत असते, मालक म्हणतो शेजारचा करून देईल. हेल्परने तोंड उघडले तर उद्या येऊ नको. आम्हीही त्या दिवशी गप्प होतो. आता आम्ही आपसांत ठरवले आहे की टाकी उतरवण्याची मजुरी वेगळी सांगायची आणि गिऱ्हाईक नको म्हणाले तर गाडी परत पाठवायची. काही कामे जातात. शेजारचा करून देतो, हेही खरे.

मातांसाठी दोन गोष्टी. कोणी भाजलेच तर जळते कपडे विझवून भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नये. त्या पोराच्या हाताला आमच्यातल्याच एकाने घाईघाईने ग्रीस लावले होते, ते काढताना तो किती ओरडला ते आम्ही विसरलो नाही. १०८ ला फोन करावा, आगीसाठी १०१. आणि पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नये, ते पाण्यावर तरंगून पसरते. वाळूच्या बादल्या आणि पावडरचे सिलिंडर हाताशी असावे, काम संपल्यावरही निदान अर्धा तास एकाने तेथे थांबावे.

तो मुलगा आता बरा आहे. हात पूर्ण सरळ होत नाही, वेल्डिंग सोडले, चंदननगरला पंक्चरचे दुकान चालवतो. आज तो मागच्या रांगेत बसला आहे. सभा संपल्यावर बाहेर अंगणात एक जुनी टाकी ठेवली आहे, तीच फाटलेली. ती पाहून जा. शिवणीच्या आत बोट घालून बघा, गंज अजून आहे.