थोडक्यांची भाषा
(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



पापुआ न्यू गिनी या देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी कित्येक चार-दोन खेड्यांपुरत्याच आहेत. परंतु असे नवल पाहण्यास समुद्र ओलांडावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा मोजक्या गावांत निहाली भाषा नांदते. ती बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार.

निहालीत पाण्याला ‘जोप्पो’ व विस्तवाला ‘अप्पो’ म्हणतात. शेजारच्या कोरकूकडून तिने पुष्कळ शब्द घेतले. दोन, तीन, चार या संख्यांची नावे द्राविडी वळणाची आहेत. पाचापासून पुढची हिंदी-मराठीच्या कुळातली आहेत. मात्र ही सारी उसनवारी वजा केली तरी काही मूळचे शब्द उरतात आणि त्यांचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्विवादपणे जुळत नाही.

१९६२ साली डच पंडित कायपर यांनी या भाषेत चोरट्या, सांकेतिक बोलीचा अंश असावा, असा तर्क मांडला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ के. एस. नागराज यांनी तिचे व्याकरण, कथा व शब्दसंग्रह सिद्ध केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. संशयाने पाहिली गेलेली बोली ही नियमांनी बांधलेली भाषा आहे, हे त्यातून दिसले.

घोड आणि भीमेच्या काठी याचा संबंध काय? या तालुक्यांत पारधी वस्त्या आहेत. पारध्यांची बोली भिल्ली-गुजरातीच्या जवळची आहे. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत पारधीही होते. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु कागदावरचा शिक्का पुसला म्हणून मनातला पुसतोच असे नाही. त्या वस्तीतले मूल पहिलीच्या वर्गात गप्प बसते, तेव्हा ‘मंद’ हा शेरा फार लवकर लिहिला जातो. वस्तुतः ते मूल घरी अस्खलित बोलत असते. त्याला अडवते ती बुद्धी नव्हे, परका शब्द.

राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे. प्रत्येक बोलीचे पुस्तक मिळणे कठीण. परंतु शिक्षकाच्या हातात पुष्कळ आहे. मुलाला वस्तू दाखवून तिचे घरचे नाव विचारावे. तो शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावा आणि शेजारी मराठी शब्द लिहावा. इतर मुले हसली, तर त्यांनाही तो शब्द म्हणावयास लावावा. वर्षाअखेर शंभर शब्दांची एक वही तयार होईल.

आपला शब्द गुरुजींनी फळ्यावर लिहिला, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला शेजारचा मराठी शब्द परका वाटत नाही.