पावसाचें भाकीत व दावणीचा बैल



वेधशाळा दरवर्षीं एप्रिलांत पावसाचें भाकीत प्रसिद्ध करते. तें अनुकूल निघालें, कीं देणगीदारांचा हात आखडतो, हा आमचा अनुभव आहे. परंतु तें भाकीत अखिल देशाच्या सरासरीचें. एका तालुक्याचें नव्हे. महाबळेश्वरीं २०० इंचांवर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या दहिवडीस २० इंच पडला तरी पुष्कळ. वैशाखांतील वळवानें धुरळा बसतो, विहिरीस पाणी येत नाहीं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. तो वेळेवर बरसला तरी गवत हाताशीं येण्यास आषाढ उजाडतो. तोंवर दावणीच्या बैलानें खावें काय? तो एकदां बाजारांत विकला गेला, कीं पुढें पाऊस पडूनहि पेरणी कशी व्हावी? म्हणून भाकीत चांगलें असलें तरीहि कडब्यासाठीं वर्गणी आम्ही आषाढापर्यंत मागतों.