समोरच्या संघासाठी टाळ्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



खिलाडूवृत्तीवर चार शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. सारी नोकरी बँकेत काढलेला माणूस मी, त्यामुळे आधी आकडा सांगतो. आकडा आहे ३३-१४. हा एका फुटबॉल सामन्याचा निकाल आहे. सामना वर्ल्ड कपचा नव्हता, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या दोन शाळांचा होता. नोव्हेंबर २००८ मधली ही गोष्ट. मुलाकडे डॅलसला गेलो होतो तेव्हा ती कानावर आली आणि मग मी ती मुद्दाम मिळवून वाचली.

मुलांनो, अमेरिकेतला फुटबॉल आपल्यासारखा नसतो बरं का! अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्यांनी त्या पळणाऱ्याला धरून पाडायचे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. आपल्याकडे जसे क्रिकेटचे, तसे टेक्सासात या खेळाचे वेड. शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा सामना असला की आई-वडील, आजी-आजोबा, शाळेचा बँड, सगळे मैदानावर हजर.

डॅलसच्या विमानतळाला लागून ग्रेपव्हाइन नावाचे गाव आहे. तिथल्या फेथ ख्रिश्चन शाळेचा संघ त्या वर्षी जोरात होता. नऊपैकी सात सामने जिंकलेले, सत्तर खेळाडू, अकरा प्रशिक्षक, नवे कोरे साहित्य. समोरचा संघ होता गेन्सव्हिल स्टेट स्कूलचा. नावात स्कूल असले तरी ते बालगुन्हेगारांचे सुधारगृह. चोरी, मारामारी, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांत सापडलेली ही मुले. चांगले वागले तरच खेळायला बाहेर पडता येणार, तेही पहाऱ्यात. स्वतःचे मैदान नाही, प्रत्येक सामना परक्या गावात. आठही सामने हरलेले, आणि आठांत मिळून टचडाउन फक्त दोन. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला कोणी नाही. कित्येकांना घरच्यांनीच टाकलेले.

फेथचे मुख्य प्रशिक्षक क्रिस हॉगन यांनी सामन्याआधी आपल्या शाळेच्या पालकांना पत्र पाठवले. मागणी एकच : या एका संध्याकाळी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी समोरच्या संघाच्या बाजूला बसायचे आणि त्यांच्यासाठी ओरडायचे. त्यांच्याच एका खेळाडूने विचारले, सर, हे कशासाठी? हॉगन यांनी त्याला सांगितले, आपल्याला घर नाही, आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, अशी कल्पना करून बघ.

ती मुले मैदानात उतरली तेव्हा त्यांच्या स्वागताला चाळीस यार्डांची, म्हणजे सव्वाशे फुटांच्या आसपास, माणसांची दुतर्फा रांग उभी होती. पुढे त्यांच्या संघाच्या नावाचा फलक. दोनशेहून जास्त माणसे त्यांच्या बाजूला बसली आणि एकेका मुलाचे नाव घेऊन ओरडू लागली. एका मुलाला तर वाटले, या लोकांची काही तरी गफलत झालेली दिसते! आणि पालकांचे काय झाले असेल बघा. समोरून चेंडू घेऊन पळतोय आपलाच मुलगा, आणि आपण ओरडतोय, धरा त्याला, पाडा!

निकाल तुम्हाला सांगितलाच आहे. फेथ ३३, गेन्सव्हिल १४. हरलेल्या मुलांनी आपल्या प्रशिक्षकांना पाण्याने असे भिजवले, की जणू राज्याचे अजिंक्यपद मिळवले! नंतर दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर प्रार्थनेसाठी जमले. गेन्सव्हिलचा एक मुलगा म्हणाला, मला बोलायचे आहे. आपली काळजी करणारी इतकी माणसे जगात आहेत हे आपल्याला माहीतच नव्हते, अशा अर्थाचे तो बोलला. बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या हातात खाऊची पिशवी आणि फेथच्या एका खेळाडूने लिहिलेले पत्र होते.

यात मला महत्त्वाचे वाटले ते असे. फेथच्या मुलांनी दया म्हणून सामना सोडला नाही. पुरा जोर लावून खेळले आणि जिंकले. समोरच्याला मुद्दाम जिंकू देणे हा त्याचा अपमान असतो. त्यांनी गुण दिले नाहीत, प्रेक्षक दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर निम्मे भांडवल विनातारण दिले, आणि तोटा एका पैशाचाही झाला नाही.

आपण खिलाडूवृत्तीचा उपदेश नेहमी हरणाऱ्याला करतो. रडू नकोस, हसत हात मिळव. पण हरणाऱ्याच्या हातात दुसरे असते तरी काय? खरी परीक्षा जिंकणाऱ्याची आणि त्याच्या बाजूने बसलेल्या आपल्यासारख्या मोठ्यांची.

आता घरचे बोलतो, राग मानू नका. बॉक्स क्रिकेटच्या अंतिम सामन्यात एका नो-बॉलवरून ए आणि सी विंगमध्ये जुंपली. मुले पाच मिनिटांत एकत्र कुल्फी खायला गेली, पालकांची चर्चा मात्र लिफ्टपर्यंत चालली होती. हे चालायचेच. पण दुसरी गोष्ट मला जास्त लागली. इमारतींभोवती दोन फेऱ्या मारायच्या शर्यतीत दुसरा आलेला मुलगा आपल्या वॉचमनचा. चार वर्षे तो याच आवारात राहतो. बाकीच्या मुलांच्या नावाचा गजर चालला होता, त्याचे नाव घेणारे कोणी नव्हते, कारण बहुतेकांना ते ठाऊकच नव्हते. त्याचे वडील? ते फाटकावर होते. आपली मुले नीट धावावीत म्हणून येणाऱ्या गाड्या थांबवून धरत होते.

म्हणून कार्यकारिणीला दोन सूचना करतो. पुढच्या वर्षीपासून भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव सूचना फलकावर ठळक लावा आणि अंतिम सामन्याला प्रत्येक विंगच्या निम्म्या पालकांनी समोरच्या बाजूला बसावे. दुसरी, वॉचमनचे मूल धावत असेल तेव्हा अर्धा तास फाटकावर कोणा सभासदाने बसावे. त्यासाठी माझे नाव आत्ताच लिहून घ्या. आयुष्यभर लेजर लिहिली, गाड्यांचे नंबर लिहायला कितीसा वेळ लागणार!

पंचवीस वर्षांत संस्थेने वाहनतळ केला, सौर दिवे बसवले, दुरुस्ती निधी उभा केला. या सगळ्याचा हिशेब अहवालात आलेला आहे. कोणाच्या मुलासाठी कोणी टाळ्या वाजवल्या, याचा रकाना अहवालात नसतो. पण मुले तो हिशेब बरोबर ठेवतात.

आता बक्षिसे आहेत, मी थांबतो. शर्यतीचे दुसरे बक्षीस पुकारतील तेव्हा नाव नीट ऐका आणि लक्षात ठेवा. सर्व विजेत्यांचे आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाचे अभिनंदन.

जय हिंद, जय महाराष्ट्र!