सिनेमाची फरदड

(पुसद येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक ‘टाइमपास ३’ या चित्रपटावर बोलणार आहे, हे फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना मौज वाटली असेल. कापसाचे भाव, पीकविमा, सिंचनाचा अनुशेष हे आमच्या जिल्ह्यातील व्याख्यात्यांचे नेहमीचे विषय. ते सोडून पोरासोरांच्या विनोदी चित्रपटाकडे वळण्याचे कारण काय, असे एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलेही. माझे उत्तर साधे आहे. समोर बसलेल्या मुलामुलींनी पीकविम्याचा शासननिर्णय वाचलेला नाही. दगडू मात्र त्यांना पाठ आहे. ज्या वस्तूचा उपभोग एवढा सार्वत्रिक आहे, तिच्या उत्पादनाची रीत तपासणे हे अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचे काम नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. रवी जाधव यांनी २०१३ च्या जानेवारीत ‘बालक-पालक’ हा चित्रपट दिला. वयात येणाऱ्या मुलांच्या कुतूहलाविषयी मराठी पडद्यावर इतके मोकळेपणाने बोललेले त्यापूर्वी फारसे आढळत नव्हते. त्यातील विशू या उनाड मुलाची भूमिका प्रथमेश परब या नवख्या मुलाने केली आणि प्रेक्षकांनी ती उचलून धरली. बरोबर एक वर्षाने, ३ जानेवारी २०१४ रोजी, त्याच दिग्दर्शकाचा ‘टाइमपास’ आला. त्यात हाच मुलगा दगडू शांताराम परब झाला. रिक्षाचालकाचा मुलगा, दहावीत वारंवार नापास, आणि प्रेम कोणावर, तर माधवराव लेले यांच्या सुशील, गाणाऱ्या प्राजक्तावर. केतकी माटेगावकरची प्राजक्ता, वैभव मांगले यांचे कडक लेले, भाऊ कदम यांचा रिक्षावाला बाप, अशी ही मंडळी. चित्रपट अफाट चालला. दोघांची ताटातूट होऊन तो संपला होता, म्हणून १ मे २०१५ रोजी दुसरा भाग आला. त्यात दगडू व प्राजक्ता मोठे झालेले असून त्या भूमिका प्रियदर्शन जाधव व प्रिया बापट यांनी केल्या. येथे गोष्ट पुरी झाली. जे व्हायचे ते झाले.

तरीही २९ जुलै २०२२ रोजी ‘टाइमपास ३’ प्रदर्शित झाला. पुरी झालेली गोष्ट पुढे कशी न्यायची? पुढे नेता येत नसेल तर मधे शिरायचे. पहिला भाग संपल्यावर आणि दुसरा सुरू होण्यापूर्वी जो काळ गेला, त्या फटीत तिसऱ्या चित्रपटाची कथा बसवण्यात आली. दगडू दहावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात येतो आणि पालवी नावाच्या धीट मुलीच्या प्रेमात पडतो. पालवी हृता दुर्गुळे यांनी, आणि तिचा दांडगा बाप संजय नार्वेकर यांनी रंगवला आहे. मूळ चित्रपटानंतर साडेआठ वर्षांनी प्रथमेश परब पुन्हा किशोर दगडू झाला.

आता गंमत पाहा. दगडू अखेर कोणाकडे जाणार, हे प्रेक्षकाला सात वर्षांपूर्वीच कळलेले आहे. म्हणजे पालवीचा निकाल ती पडद्यावर येण्यापूर्वीच लागलेला आहे. तिने कितीही हुशारी केली, कितीही धाडस दाखवले, तरी हिशेबाची वही आधीच बंद झालेली! मूळ खोडातून फुटलेल्या अशा कथांचा हा जन्मजात दोष आहे. त्यातील नव्या माणसांना भविष्यकाळ नसतो. त्यांना जागा मिळते ती जुन्या माणसांच्या रिकाम्या वेळात.

या जिल्ह्यातील श्रोत्यांना ही रीत परकी वाटू नये. कपाशीची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून न टाकता, एखाददुसरे पाणी आणि थोडे खत देऊन तीच आणखी तीनचार महिने शेतात उभी ठेवली, तर पुन्हा थोडी बोंडे लागतात. तिला आपण फरदड म्हणतो. नवे बियाणे नको, नांगरणी नको, पेरणीची जोखीम नको. मृगाने दगा दिला तरी भय नाही, कारण मुळे आधीच जमिनीत आहेत. उत्पन्न कमी असते, धागा आखूड असतो, पण खर्च जवळजवळ नसतोच. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्या शेतकऱ्याने फरदड घेतली म्हणून त्याला मूर्ख कोण म्हणेल?

चित्रपटाच्या निर्मात्याचे गणितही नेमके हेच आहे. चित्रपट ही अशी वस्तू आहे की तिचा दर्जा पैसे दिल्यानंतरच कळतो. कापड आपण चिमटीत धरून पाहतो, ज्वारी तळहातावर घेऊन पाहतो. चित्रपट मात्र पाहिल्याशिवाय पाहता येत नाही. म्हणून प्रेक्षक नावावर विश्वास ठेवतो. पूर्वी यशस्वी झालेले नाव ही निर्मात्याची पत असते, आणि पतीवर जसे कर्ज उचलता येते तसे तिकीटही खपवता येते. २०२२ साली तर ही निकड अधिकच होती. महामारीमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहे बराच काळ बंद राहून २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली होती. प्रेक्षक परत येईल की नाही याची शाश्वती कोणालाच नव्हती. अशा वेळी भांडवल ओळखीच्या खोडाकडेच धावते. ‘टाइमपास ३’ पाठोपाठ दोन महिन्यांच्या आत ‘बॉईज ३’ आला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. त्या मालिकेचा पहिला भाग २०१७ चा, दुसरा २०१८ चा, आणि चौथा २०२३ साली येऊनही गेला.

हे केवळ मराठीत घडते असेही नाही. अमेरिकेत १९३७ साली एका न्यायाधीशाच्या कुटुंबावर एक चित्रपट निघाला. प्रेक्षकांना न्यायाधीशापेक्षा त्यांचा अवखळ मुलगा अँडी हार्डी अधिक आवडला, आणि मिकी रूनी या नटाला घेऊन कंपनीने १९४६ पर्यंत एकूण पंधरा चित्रपट काढले. सोळावा १९५८ साली. अलीकडचे उदाहरण ‘अमेरिकन पाय’चे. १९९९ चा तो चित्रपट गाजल्यावर २००५ पासून त्याच्या नावाने जे फुटवे निघाले ते चित्रपटगृहांकडे न जाता थेट घरगुती चकत्यांवर विकले गेले. तिथल्या भांडवलदाराने निदान आपल्या फरदडीला फरदड मानले, एवढा प्रामाणिकपणा त्याला द्यायला हरकत नाही.

मग बिघडले कोठे? बिघडले ते पुढच्या हंगामात. कृषिखाते कंठशोष करून सांगते की कपाशी डिसेंबरअखेर संपवा. कारण फरदडीत गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि पुढच्या वर्षीच्या कोवळ्या कपाशीवर ती तुटून पडते. २०१७ साली या अळीने आपल्या जिल्ह्याचे काय केले हे मी सांगायला नको. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने आपल्या शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव घेतले, हेही आपण विसरलेलो नाही. फरदडीचा लाभ एकट्याच्या पदरात पडतो, हानी मात्र साऱ्या शिवाराची होते. खाजगी शहाणपण आणि सामाजिक नुकसान यांची ही जोडी अर्थशास्त्राला फार जुनी परिचित आहे.

उपमा फार ताणू नये, हे मी जाणतो. चित्रपटाच्या बाबतीत अळी दिसत नाही. पण पडद्यांची संख्या मर्यादित आहे आणि शुक्रवार आठवड्यातून एकदाच येतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत मोक्याची वेळ मिळावी असे धोरण राज्य सरकारने जाहीर केले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु चित्रपट मराठी असावा एवढेच हे धोरण सांगते. कोणता मराठी, हे गल्ल्यावर बसलेला ठरवतो, आणि तो ओळखीचे नाव ठरवतो. नव्या लेखकाच्या वाट्याला दुपारचा खेळ आणि रिकाम्या खुर्च्या येतात.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. ‘टाइमपास’नंतर नेमक्या सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. तोही शाळकरी मुलाच्या प्रेमाचाच. तोही पुष्कळ जागी हसवतो. पण तेथे जब्या हा कैकाडी समाजातला मुलगा आहे. ज्या मुलीने आपल्याकडे पाहावे म्हणून तो झुरतो, तिच्या देखत त्याला गावाची डुकरे धरावी लागतात. ‘टाइमपास’मध्येही जातीची आणि वर्गाची भिंत आहे, परब आणि लेले ही आडनावे काही सहज निवडलेली नाहीत. परंतु तेथे भिंत म्हणजे मुख्यतः एका चिडखोर बापाचा स्वभाव. बाप हास्यास्पद ठरला की भिंतीचेही हसू होते. ‘फँड्री’चा दुसरा भाग निघाला नाही. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, आणि तो लागल्यावर ‘पुढे काय’ याचे उत्तर निर्मात्याने नव्हे, प्रेक्षकाने द्यायचे असते.

याचा अर्थ ‘टाइमपास’ला मी कमी लेखतो असा नाही. मी स्वतः पहिला चित्रपट पाहताना मनापासून हसलो आहे. रिक्षावाल्याचे घर, त्यातला नापास मुलगा आणि त्याचे निरागस उर्मटपण मराठी चित्रपटाच्या मध्यभागी आले, ही साधी गोष्ट नव्हती. माझी तक्रार तिसऱ्या भागाबद्दल आहे, आणि ती नेमकी अशी की त्याच्या हाती खरे बियाणे होते. दहावीत पुन्हा पुन्हा नापास झालेला रिक्षाचालकाचा मुलगा महाविद्यालयाची पायरी चढतो! मित्रहो, याहून मोठी घटना त्या घराण्यात कोणती घडली असेल? शुल्क कोणी भरले? पहिल्या तासाला तो कोठे बसला? व्याख्यान कळले नाही तेव्हा त्याने कोणाला विचारले? चाळीस वर्षे नसली तरी तीसएक वर्षे मी असे दगडू वर्गाच्या शेवटच्या बाकावर पाहिले आहेत. घाटंजीकडून, आर्णीकडून एसटीने येणारे, दिवाळीच्या आगेमागे वेचणीसाठी आठवडाभर गायब होणारे. त्यांच्यात विनोद कमी होता असे समजू नका. स्वतःच्या फाटक्या परिस्थितीवर इतके अचूक हसणारी मुले मी अन्यत्र पाहिली नाहीत. पण चित्रपटाच्या कथेचा ओघ दगडूच्या शिक्षणाकडे वळत नाही. मालिकेचे नाव प्रेमावर कमावलेले असल्यामुळे त्याला पुन्हा प्रेमातच पडावे लागते. फरदडीला दुसरे पीक येत नाही.

‘टाइमपास’ हा शब्दही थोडा तपासून पाहू. क्रेग जेफ्री नावाच्या अभ्यासकाने उत्तर प्रदेशातील मेरठच्या तरुणांवर एक ग्रंथ लिहिला आणि २०१० साली तो याच शब्दाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. पदव्या घेतल्या, नोकरी नाही. म्हणून आणखी एक पदवी, आणि मधल्या वेळात चहाच्या टपरीवर ताटकळणे. त्या मुलांनी आपल्या या ताटकळण्याला दिलेले नाव म्हणजे टाइमपास. आमच्या बसस्थानकासमोर, तलाठी आणि पोलीस भरतीच्या जाहिरातींची वाट पाहणारी जी मुले संध्याकाळी उभी असतात, त्यांना हा ग्रंथ वाचण्याची गरज नाही. ती त्यातील पात्रेच आहेत. वेळ घालवणे ही चैन केव्हा असते आणि शिक्षा केव्हा, हा भेद चित्रपट पुसून टाकतो. आणि ज्या मुलाला वेळच नाही, त्याचे काय? झरी-जामणी, मारेगावकडचा सोळा वर्षांचा कोलाम मुलगा किंवा मुलगी वेचणीच्या दिवसांत शेतात असते. कौमार्य हा जो मधला, खोडकर, बिनजबाबदार काळ सिनेमा आपल्याला विकतो, तो लांबलेल्या शिक्षणाने आणि भरल्या घराने निर्माण केलेला काळ आहे. सर्वांच्या वाट्याला तो सारखा येत नाही.

चित्रपट पाहण्याची सोय तरी कोठे सारखी आहे? मी ज्या तालुक्याच्या गावी प्रथम शिकवायला लागलो तेथे एक चित्रपटगृह होते. आज त्या जागी मंगल कार्यालय आहे. खेड्यातल्या मुलाला मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहायचा तर तिकीट आणि जाण्यायेण्याचे भाडे यांत वेचणीचा एक दिवस सहज जातो. म्हणून तो भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर, तुकड्यातुकड्यांनी पाहतो. निर्मात्याच्या हिशेबात तिकीट काढणारा म्हणून त्याची गणना नाही, आणि ज्याची गणना नाही त्याच्याविषयी कथा कोण लिहील?

उपाय काय, असे आपण विचाराल. राज्य सरकारची मराठी चित्रपटांना अनुदान देण्याची योजना आहे. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये, अशी तिची रचना बरीच वर्षे चालत आली. ही मदत निर्मितीला आहे. माझे म्हणणे असे की तिच्या जोडीने प्रदर्शनावर पैसा खर्च करावा. नगरपरिषदांची सभागृहे वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. तेथे अल्प दरात चित्रपट दाखवावेत, आणि ज्या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट आहे त्याला अग्रहक्क द्यावा. पूर्वी करमणूक करातील माफी हे सरकारच्या हाती एक हत्यार होते. १ जुलै २०१७ पासून तो कर वस्तू व सेवा करात विरघळला आणि ते हत्यार बोथट झाले. तेव्हा नवे शोधावे लागेल. फरदड घेऊ नका असे शेतकऱ्याला नुसते सांगून भागत नाही, पुढच्या पेरणीसाठी त्याला कर्ज द्यावे लागते. निर्मात्याचेही तसेच आहे.

तोपर्यंत आपल्या हाती जेवढे आहे तेवढे करू. या सभागृहात पडदा आहे, ध्वनियंत्रणा आहे. रीतसर परवानगी काढून ‘टाइमपास ३’ आणि ‘फँड्री’ एकाच आठवड्यात, लागोपाठ दोन संध्याकाळी दाखवावेत आणि तिसऱ्या संध्याकाळी विद्यार्थ्यांनी बोलावे, आम्ही शिक्षकांनी ऐकावे, अशी सूचना मी प्राचार्यांना केली आहे. ती त्यांना तत्त्वतः मान्य आहे. शेवटची एसटी साडेसातला सुटते, तेव्हा खेळ चार वाजता सुरू करावा लागेल, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.